मराठवाड्यातले किल्ले आणि जुने अवशेष पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आणि पावसाळ्यात पहिली ओढ देऊन दमदार पाऊस झाला की आमच्या भटक्या मंडळींच्या फोनवर तेच प्रश्न येऊ लागतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं आहे. एकाच गोष्टीवर दोन उत्तरं होऊ नयेत म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. मराठवाड्यात पाहण्यासारखे किल्ले आहेत का? किल्ले तर सगळे सह्याद्रीत ना?

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडूनच येतो असं नाही, उदगीरच्या किल्ल्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मुलानेही विचारला आहे. आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे कडा, माची आणि धुकं. इथे देवगिरीच्या यादवांपासून बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल आणि शेवटी १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम अशी सत्तांची रांग लागली. बहुतेकांना सपाट काळ्या जमिनीवरच राज्य करायचं होतं, त्यामुळे इथले बरेच किल्ले भुईकोट आहेत: परांडा, औसा, उदगीर, कंधार. डोंगरी किल्लेही आहेत: देवगिरी, धारूर, माहूर, अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा.

भुईकोटात उंचीचं काम पाणी करतं. दरवाज्यातून शिरताना तोफा मोजत बसू नका. खंदकात पाणी कुठून आणलं, आतल्या माणसांनी काय प्यायलं आणि वेढा पडला तर ते किती दिवस पुरलं असेल, हे शोधा. एवढं केलं की रिकामा वाटणारा किल्ला भराभर कळायला लागतो.

२. हे सगळे किल्ले गोदावरीच्या खोऱ्यात येतात ना?

नाही. शाळेत आपण मराठवाडा म्हणजे गोदावरीचं खोरं असं पाठ केलेलं असतं, म्हणून ही चूक सर्रास होते. देवगिरी, पैठण, नांदेडचा नंदगिरी, कंधार, उदगीर, औसा आणि धारूर गोदावरीचे. त्यातलं कंधारचं पाणी मन्याडमधून आणि औसा-उदगीरचं मांजरेच्या वाटेने गोदावरीला मिळतं. माहूर पैनगंगेच्या वळणात आहे, तेही अखेर तिकडेच जातं. पण नळदुर्गची बोरी आणि परांड्याजवळची सीना भीमेला मिळतात, म्हणजे हे दोन्ही किल्ले कृष्णेच्या खोऱ्यातले. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेवरून उत्तरेला उतरणारं पाणी तर तापीकडे जातं, त्यामुळे सुतोंड्यासारखे किल्ले खानदेशाकडे तोंड करून बसले आहेत. कुठल्या किल्ल्यावर पाऊस कधी आणि किती असेल याचा अंदाज बांधायला ही विभागणी उपयोगी पडते.

३. एकच दिवस आहे. कुठून सुरुवात करू?

संभाजीनगर, जालना, परभणीकडून येत असाल तर देवगिरी. सोलापूर, धाराशिव, लातूरकडून येत असाल तर नळदुर्ग. दोन्ही एका दिवसात करायचा बेत आखणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात. त्यांना गाडी चालवायची आवड असते, किल्ल्याची नसते.

४. देवगिरी आणि दौलताबाद हे एकच का? चढायला किती वेळ लागतो?

एकच. यादवांची राजधानी देवगिरी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी इथे येऊन धडकला. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झालं. संभाजीनगरहून सुमारे १५ किलोमीटर, वेरूळच्या रस्त्यावरच. मनमाड-नांदेड लोहमार्गावर दौलताबाद नावाचं स्थानकही आहे.

पायऱ्या साडेसातशेच्या आसपास. तरण्या माणसाला थांबत-बघत वर जाऊन यायला तीन तास धरा. घाई केली तर दीड तासात होतं, पण मग काय पाहिलं ते सांगता येत नाही. पाहण्याचा क्रम असा ठेवा: पहिल्या दरवाज्यांमधली वळणं, ज्यांत शत्रूच्या हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही. मग प्रचंड हत्ती हौद. मग भारतमाता मंदिर, जिथले खांब मुळात जुन्या देवळांचे आहेत आणि ज्याची १३१८ मध्ये मशीद झाली होती. मग पंधराव्या शतकातला चांदमिनार, सुमारे २१० फूट उंच. पुढे चिनी महाल, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने कैदेत ठेवलं. आणि मेंढा तोफ.

खरी करामत त्यानंतर आहे. डोंगराची बाजू चारी अंगांनी तासून सरळसोट कडा केला आणि पायथ्याला खडकातच खंदक खोदला. आत जायला पूल एकच, आणि पुलानंतर अंधारी: खडकात कोरलेला वळणावळणाचा काळोखा भुयारी जिना. मशाल घेऊन शिरलेल्या माणसाला दोन पावलांपुढचं दिसत नसे. आजही टॉर्च लागतोच. मोबाइलचा चालतो, फक्त तो हातातून सुटू देऊ नका.

वर बारादरी आहे. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे किल्लेदार होते, त्यामुळे पैठणकडची बरीच मंडळी हा किल्ला वारीसारखा चढतात. त्यांच्यासोबत चढणं मजेचं असतं, दर टप्प्यावर अभंग आणि शेंगदाणे.

५. आईचे गुडघे दुखतात आणि मला अंधाराची भीती वाटते. तरी देवगिरीला जावं का?

जा. अंधारीपर्यंतचा भाग जवळपास सपाट आहे आणि वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक वास्तू त्याच टप्प्यात येतात. खंदकाच्या पुलावर उभं राहून तासलेला कडा पाहिला तरी किल्ल्याचं मर्म कळतं. अंधारीत वटवाघळं असतात, वासही असतो. दमा असणाऱ्यांनी तो भाग सोडून द्यावा, काही अडत नाही. हिवाळ्यात किल्ल्याबाहेर सीताफळं आणि पेरू घेऊन बाया बसतात. आईला तिथे बसवून तुम्ही एकटेच चढून आलात तरी तिचा वेळ बरा जातो.

६. नळदुर्गचे नर-मादी धबधबे नक्की कधी चालू असतात?

बोरी नदीवरचा किल्ल्यातला बंधारा भरून वाहू लागला की. म्हणजे तारीख नाही, पाऊस बघायचा. साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत शक्यता असते. कमी पावसाच्या वर्षी अजिबात चालू होत नाहीत. सोलापुरात पाऊस पडला म्हणून नळदुर्गला पाणी आलं असं होत नाही, बोरीच्या वरच्या अंगाला पडायला हवा. निघण्याआधी गावातल्या कुठल्याही हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, 'सांड चालू हाय का?', म्हणजे बंधाऱ्यावरून पाणी वाहतंय का. समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ मागच्या वर्षीचे असतात. दोनदा फसल्यावर आम्ही त्यांच्यावर विसंबणं सोडलं.

७. पाणीमहाल म्हणजे काय? पाण्यात महाल आहे का?

पाण्यात नाही, धरणाच्या भिंतीत आहे. नळदुर्ग आणि शेजारचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्या मधून बोरी नदी जाते. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमाराला, तिच्यावर दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच दालन काढलं. बंधारा भरून वाहतो तेव्हा दालनाच्या सज्जासमोरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि आत माणूस कोरडा उभा असतो. बंधाऱ्याने एका बाजूला पाणी साठवलं, दुसऱ्या बाजूला संरक्षण दिलं, वरून रणमंडळाला जायला वाट केली आणि सुलतानाला गारव्याची खोलीही मिळाली. चारशे वर्षांनंतर भिंत तशीच उभी आहे. आपल्या तालुक्यातल्या पाझर तलावांचं काय होतं ते आठवून बघा.

पाण्याच्या नादात उपळी बुरूज विसरू नका. त्याच्यावरच्या लांबलचक तोफा आणि तिथून दिसणारा परिसर हेच किल्ल्याचं दुसरं आकर्षण. नऊ पाकळ्यांचा नवबुरूजही चुकवू नका. आणि हेही ऐकून ठेवा: १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल हाती आला. मराठवाड्यातले लोक १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतात, त्यातला पहिला टप्पा इथला.

८. परांडा, औसा, उदगीर सगळे भुईकोटच. एक पाहिला की झालं, नाही का?

लांबून तसं वाटतं. दुहेरी तट, खंदक, वळणाचा दरवाजा, आत बाभळी. पण प्रत्येकाची चव वेगळी आहे.

परांडा तोफांसाठी पाहावा. बुरुजांवर ओतीव तोफा आहेत, जमिनीवर दगडी गोळे पडलेले आहेत, आणि आतली मशीद देवळाच्या खांबांवर उभी आहे. १६०० मध्ये अहमदनगर मुघलांनी घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवलं ते इथेच, म्हणजे काही काळ ही राजधानी होती. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये ओतली गेली, मग परांड्यात आली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. त्यामुळे 'ती परांड्यात कुठल्या बुरुजावर आहे' असं विचारत फिरू नका, ती आता कर्नाटकात आहे.

उदगीर इतिहासासाठी. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवलं. त्यानंतर वर्षभराच्या आत भाऊ पानिपतावर होते. किल्ल्यात उदागीरबाबांची समाधी आहे आणि गावाचं नावही त्यांच्यावरून सांगतात. औसा निवांतपणासाठी: लातूरहून विसेक किलोमीटर, गर्दी जवळपास नाही, पायऱ्यांच्या विहिरी बघण्याजोग्या. तिन्हींपैकी एकच निवडायचा असेल तर आमचा कौल परांड्याला. लातूरकर यावर आमच्याशी भांडतात, भांडू द्या.

कंधार या यादीत धरलेला नाही, कारण तो फार जुना आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं ते गाव, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव त्याच काळातला. तिथला खंदक बाकीच्यांसारखा कोरडा पडलेला नसतो.

९. कोणत्या महिन्यात जाऊ? मे महिन्यात मुलांना सुट्टी आहे.

मे महिन्यात जाऊ नका. काळा दगड दहा वाजता तापतो आणि सूर्य मावळल्यावरही तापलेलाच असतो. भुईकोटात सावली म्हणजे दरवाज्याची देवडी, तेवढीच. जाणंच भाग असेल तर सकाळी सहाला दरवाज्यात आणि साडेनऊला परत, माणशी तीन लिटर पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, पायाखाली विहीर आहे की साप ते दिसत नाही. काठी ठेवा, बूट घाला.

नवरात्रात तुळजापूर आणि माहूरचे रस्ते भाविकांनी भरलेले असतात. पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची यात्रा असते. यात्रा बघायची असेल तर याहून चांगली वेळ नाही, किल्ला शांतपणे बघायचा असेल तर याहून वाईट नाही.

१०. गाडी नाही. एसटीने जमेल का?

जमतं, फक्त परतीची शेवटची गाडी आधी विचारून घ्या. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे, गाड्यांना तोटा नाही. औशाला लातूरहून सतत गाड्या. उदगीरला रेल्वे स्थानक आहे. कंधारला नांदेडहून, परांड्याला बार्शीहून जावं. परांड्यात आम्ही एकदा संध्याकाळी सहाच्या गाडीवर विसंबलो. फलकावर ती होती, रस्त्यावर नव्हती. शेवटी खव्याच्या टेम्पोतून भूमपर्यंत आलो. वासाने भूक लागली आणि उतरल्यावर पहिलं काम कुंथलगिरी पेढे घेण्याचं केलं. फलकावर विश्वास ठेवू नका, कंडक्टरवर ठेवा.

अंतूर, वेताळवाडी, सुतोंड्याला मात्र स्वतःची गाडी किंवा ठरवलेली जीप हवी. अधिक माहिती प्रश्न १३ मध्ये.

११. तिकीट किती? सोमवारी बंद असतं ना?

सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. देवगिरी रोज उघडा असतो. ही तीन नावं एका सहलीत येतात म्हणून गोंधळ होतो. देवगिरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे तिकीट लागतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. दर दरवाज्यावर लिहिलेले असतात, ते बदलतात म्हणून इथे देत नाही. छोट्या भुईकोटांत बऱ्याचदा तिकीटघर नसतं, रखवालदार असतो. तो जेवायला गेला असेल तर दरवाज्याला कुलूप. समोरच्या टपरीवर विचारा, 'मामा कुठं गेलेत?' पाच मिनिटांत मामा येतात आणि बहुतेक वेळा कुठल्याही फलकापेक्षा जास्त माहिती देतात.

१२. किल्ल्यावर खरा धोका कशाचा? भुताबिताचं नको सांगू.

मधमाश्यांचा. मोठी आग्या पोळी कमानींना आणि कड्यांना लटकलेली असतात. धूर, भडक अत्तर आणि दगड मारणारी पोरं या तीन गोष्टींनी त्या उठतात. उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून लांब पळा. त्यानंतर धोका काठ नसलेल्या विहिरींचा आणि तटावरच्या सुट्या दगडांचा. सेल्फीसाठी तटाच्या चर्येवर बसू नका, चारशे वर्षांत चुना झिजला आहे. तोफेवर मुलांना घोड्यासारखं बसवू नका, खाली गाडा नसतो, तोफ घरंगळते. अडचण आलीच तर ११२ ला फोन करा.

१३. अंतूर, वेताळवाडी, जंजाळा, सुतोंडा पावसाळ्यात करता येतील का?

करता येतील, अनुभवी माणूस सोबत असेल तर. वेताळवाडी हळदा घाटात, सोयगाव तालुक्यात. तो सगळ्यात सोपा आणि पावसाळ्यात सगळ्यात देखणा. जंजाळ्यासोबत घटोत्कच लेणी बघता येतात, वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्या काळातली. सुतोंड्याला बाणोटीकडून जातात, तिथली खडकात खोदलेली पाण्याची टाकी मोजता मोजता दमायला होतं. अंतूर कन्नड तालुक्यात. त्याच्या वाटेवर कोणत्या दिशेला कोणतं गाव हे फारसीत कोरलेला दगड उभा आहे, म्हणजे त्या काळचा मैलाचा दगडच. धुक्यात या वाटा चुकतात, मोबाइलला रेंज नसते. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला ठरवून पैसे द्या. 'चहापाणी' म्हणून वीस रुपये टेकवू नका, त्याची अर्धी रोजंदारी बुडालेली असते.

१४. हेमाडपंती म्हणजे हेमाडपंतानेच बांधलेलं ना? मग होट्टलची देवळं त्यानेच बांधली का?

नाही. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. चुना न वापरता दगडात दगड बसवून बांधायची रीत त्याच्या आधीपासून होती, पुढे सगळंच त्याच्या नावावर जमा झालं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, हेमाद्रीच्या आधीची. गावातल्या पुजाऱ्याशी यावर वाद घालू नका, देऊळ बघा.

१५. किल्ले नकोत, जुने अवशेष बघायचे आहेत. कुठे?

तेर. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर, ज्याचा उल्लेख दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात व्यापारी गाव म्हणून येतो. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर बघा, ते मुळात बौद्ध चैत्याच्या घडणीचं आहे, आणि गावातलं शासकीय संग्रहालय अजिबात चुकवू नका. मग सातवाहनांची राजधानी पैठण. मग परभणीकडचं चारठाणा आणि गोदाकाठचं धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर. हे चारही दोन दिवसांत आरामात होतात. नांदेडचा नंदगिरी किल्ला गोदावरीकाठी आहे खरा, पण आता तिथे फार थोडं उरलं आहे. मुद्दाम जाऊ नका, गुरुद्वाऱ्याला आलात तर डोकावून या.

१६. ड्रोन उडवू का? प्री-वेडिंग शूट चालेल का?

संरक्षित स्मारकावर ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. साध्या मोबाइलच्या फोटोला कोणी हरकत घेत नाही, पण दिवे, ट्रायपॉड, कपडे बदलायची खोली असा लवाजमा आणायचा असेल तर खात्याची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, लग्नाच्या तारखेआधी दोन महिने अर्ज करा. किल्ल्यात दर्गा किंवा देऊळ असेल तर तिथल्या माणसांना विचारूनच कॅमेरा काढा, पादत्राणं बाहेर. भिंतीवर बदामात नावं कोरणाऱ्यांसाठी: केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

१७. आमचं घर किल्ल्याच्या तटाला लागून आहे. वर मजला चढवता येईल का?

हा प्रश्न पर्यटकांचा नाही, पण तटालगत राहणारे वरचेवर विचारतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने बांधकाम, अशी २०१० च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. जुन्या घराची दुरुस्ती ही वेगळी बाब, तिलाही परवानगी लागते. स्मारक राज्य खात्याकडे असेल तर नियम वेगळे, त्यामुळे आधी तुमचा किल्ला कोणाच्या यादीत आहे ते तहसीलमध्ये विचारा.

१८. पोराला किल्ल्यात जुनं नाणं सापडलं. ठेवून घेऊ का?

नको. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपये हा आकडा तेव्हाचा आहे, म्हणजे आज जवळजवळ काहीही त्यात बसतं. नाणं घासून चकचकीत करू नका, त्यावरची अक्षरं जातात. कुठे सापडलं त्या जागेचा फोटो काढा, रखवालदाराला दाखवा, आणि तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. पोराला वाईट वाटेल. त्याला अर्जावर स्वतःच्या हाताने नाव लिहू द्या.